चाकामागचा दगड

१

किंकाळी आली तेव्हा दरोगा सुंदरराव तंबूत बसून कलम तासत होते. बायांचे भांडण जुंपले असेल असे त्यांना आधी वाटले. साठ बाया आणि साठ हातोडे एका जागी आले की दिवसाकाठी दोन भांडणे ठरलेली, त्यात नाक खुपसण्यात शहाणपण नाही हे ते पहिल्याच आठवड्यात शिकले होते. पण किंकाळीमागोमाग सगळे हातोडे एकदम थांबले. ती शांतता काही बरी नव्हती. पायताण शोधायला न थांबता ते अनवाणीच बाहेर आले.

चढाच्या मध्यावर उभी असलेली बंकटची दगडांची गाडी जागेवर नव्हती. ती वीसेक हात मागे घरंगळत जाऊन चरात कलंडली होती. गाडीच्या सावलीत निजलेली चार वर्षांची बायना आता उघड्या उन्हात पडली होती आणि तिच्या डाव्या पायाकडे बघवत नव्हते. तिची आई छबुबाई तिला पोटाशी धरून बसली होती. ओरडत होत्या त्या भोवतालच्या बाया. 

साल होते फसली तेराशे तीस, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे वीस. पावसाने पाठ फिरवलेली. बिडाहून मांजरसुंब्याकडे जाणाऱ्या सडकेवर सरकारने दुष्काळी काम काढले होते. पुरुषांनी खाणीत दगड काढायचे, गाडीवानांनी ते चढावर आणायचे, बायांनी बसून खडी फोडायची. तामिरात, म्हणजे बांधकाम खात्याकडून या कामावर देखरेखीला नेमलेले दरोगा म्हणजे सुंदरराव. राहणार मोमिनाबादचे, नियमाला पक्के, आणि आपण नियमाला पक्के आहोत याचा त्यांना थोडा जास्तच अभिमान. त्या चढावर औषधालाही झाड नव्हते. सावली दोनच ठिकाणी मिळायची, दरोगासाहेबांच्या तंबूत आणि उभ्या गाड्यांखाली. बायांची लेकरे यांपैकी कुठे निजायची हे सांगायला नको.

मायलेकींना दुसऱ्या गाडीत घालून बिडाच्या दवाखान्यात रवाना केले. तेवढ्यात मुकादम शहादेवाने बंकटला दंड धरून आणले. बंकट बैल सोडून त्यांना ओढ्यावर पाणी दाखवायला गेला होता, तो तिथूनच पळत येताना सापडला.

"साहेब, ह्यानं चाकाला दगडच लावला नव्हता," शहादेव म्हणाला. "जाऊन बघा. गाडी गेली त्या जागी दगड न्हाई."

"लावला हुता," बंकट म्हणाला.

"मंग काय भुईनं गिळला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बिडाहून पोलिसांचे अमीन यायचे होते. त्यांच्या हातात सुंदररावांचा अहवाल पडला की बंकट कैदेत जाणार आणि असल्या सालात त्याचे बैल दावणीलाच मरणार, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होते. सुंदररावांनी कागद ओढला, 'गाडीवानाची हयगय' असे दोन शब्द लिहिले आणि थांबले. जागा पाहिल्याशिवाय अहवाल लिहू नये असा नियम होता. त्या दिवशी याच नियमाने त्यांना एका पापातून वाचवले आणि दुसऱ्या पापाच्या दारात नेऊन उभे केले.

२

गाडी जिथे उभी होती तिथे दगडांचा भुगा घोटाभर साचला होता. त्यात चाकाची खूण स्वच्छ उमटलेली होती. त्या खुणेच्या मागे, उताराच्या अंगाला, वीतभर अंतरावर एक तिकोनी खळगा होता. काहीतरी जड तिथे बसले होते आणि मग कोणीतरी उचलले होते.

"तुझा दगड कसा होता?" त्यांनी बंकटला विचारले.

"पाचरीवाणी. आमच्या आज्यानं कपिलधारच्या ओढ्यातून आणलेला. गाडी तीनदा बदलली, दगड त्योच." बंकटने तळहात आडवा धरून दाखवला. "खालून सपाट. दसऱ्याला गाडी पुजतो, तवा त्यालाबी शेंदूर लावतो. खालच्या अंगाला लावतो. वरल्या अंगाचा चाकानं पुसून जातो."

"आणि चाकापासून वीतभर मागे का?"

बंकटने आधी चाकाच्या खुणेकडे पाहिले, मग खळग्याकडे. खोटे बोलायचे असते तर त्याने चटकन उत्तर दिले असते.

"बैल सोडताना त्यांनी हिसडा दिला, गाडी वीतभर फुडं सरकली. दांडीला टेकू लावून ठेवला हुता, गाडी हलत नव्हती. म्हनलं, पाणी पाजून येतो आन् मंग दगड सारतो. आन् तसाच गेलतो." त्याने मान खाली घातली. "ते सारायला पायजे हुतं, साहेब. तेवढं माझं चुकलं."

निरपराधीपणाचा आव आणणारा माणूस आपली अर्धी चूक अशी पदरात टाकत नसतो. सुंदररावांना त्याचा विश्वास वाटला. बरे, गाडी घरंगळली कशी तेही उघड होते. बाया आपापल्या वाट्याचे दगड गाडीतून उतरवून नेत होत्या आणि हाताशी येतात म्हणून पुढच्या अंगाचे आधी नेत होत्या. पुढचे ओझे कमी होत गेले, मागचे तसेच राहिले. शेवटी दांडी टेकूवरून उचलली गेली आणि चाके फिरली. दगड वीतभर मागे का असेना, जागेवर असता तर गाडी तिथेच अडली असती आणि बायना हिसक्याने जागी झाली असती, एवढेच.

म्हणजे दगड लावलेला होता. तो कोणी उचलला?

उत्तर द्यायची बंकटला फार घाई होती. "शहादेवाला इचारा. सकाळच्या पारी माझी गाडी चरात ढकलून देतो म्हनला हुता."

३

शहादेवाने ते नाकारले नाही.

"म्हनलो हुतो. त्याची गाडी सडकेच्या मधोमध. काढ म्हनलं तर काढंना. तोंडानं दम दिला, हात न्हाई लावला." तो ताठ उभा होता. "गाडी गेली तवा मी खालच्या टप्प्याला हुतो, तुमच्या नव्या पेटीनं माप घेत. धा बाया साक्षीला हायत. साक्षीला म्हंजी, माझ्याशी भांडतच हुत्या. एकीचंबी माप भरंना. समद्यांचं चार बोटं कमी."

"माप नियमाने आहे," सुंदरराव म्हणाले.

त्या पेटीबद्दल कोणी बोलले की त्यांना राग यायचा. खडी मोजायची ती बिनबुडाची लाकडी पेटी. जमिनीवर ठेवायची, काठोकाठ भरली की त्या बाईची त्या दिवसाची हजेरी लागली, नाही भरली तर दिवस फुकट. जुनी पेटी वापरून झिजली होती. सरकारी मापापेक्षा ती चार बोटे उथळ आहे हे इतक्या वर्षांत कोणाच्या लक्षात आले नव्हते, ते सुंदररावांनी पट्टी लावून शोधून काढले. बिडाच्या सुताराकडून नवी पेटी करून घेतली. ती त्याच दिवशी सकाळी आली होती आणि न्याहारीपर्यंत ते तिच्याकडे कौतुकाने बघत होते.

शहादेवाला दहा साक्षी होत्या. उरली केसरबाई. म्हातारी हातोडा चालवण्याच्या पलीकडे गेलेली, म्हणून तिला पाणी वाटायला आणि लेकरांवर नजर ठेवायला ठेवले होते.

"तू कुठे होतीस?"

"घागर भरायला गेलते. दोन घागरींत साठ बाया कशा भागतील, तुमीच सांगा." म्हातारीचे डोळे सुजले होते, पण आवाज शाबूत होता. "जाताना बघून गेलते. बायना निजली हुती, छबी तिच्यापून दोन हातावर बसली हुती. लेकरू गाडीखाली म्हणून ती नेमानं गाडीजवळच बसती. तिथून आले तर हे झालेलं. आन् माझ्या चुलीचे तीन दगड गायब. भाकर थापून ठिवलेली, तव्याला जागा न्हाई."

"बाई, एका लेकराचा पाय चिरडलाय आणि तू मला चुलीचे रडगाणे सांगतेस?"

"तुमीच म्हनले ना, काय काय झालं ते समदं सांग. ते सांगितलं."

सुंदररावांनी तोंड फिरवले. चुलीचे दगड शोधायला सरकारने दरोगा ठेवलेला नाही, असे काहीतरी पुटपुटत ते तंबूकडे निघाले. तंबूच्या दाराशी पोचल्यावर त्यांना आपल्या अनवाणी पायांची आठवण झाली. ते जागेवरच थबकले.

सडकेच्या कामावर चढ-उतार मिळून दोनशे पावले अनवाणी चालून झाली होती आणि एकदाही ठेच लागली नव्हती.

४

त्यांनी मागे वळून सडकेच्या कडा पाहिल्या. काल संध्याकाळपर्यंत तिथे गाड्यांतून सांडलेले, खाणीतून उडालेले, कोणी उगाच भिरकावलेले दगड पडलेले असायचे. आता कडा अंगण झाडल्यासारख्या साफ होत्या. केसरबाईची चूल गेली होती. खुद्द त्यांच्या तंबूची कनात दाबायला ठेवलेले दोन दगड गेले होते आणि कनात वाऱ्यावर फडफडत होती. हे सगळे गाजावाजा न होता एका सकाळीत झाले होते, आणि दरोगासाहेब आत बसून कलम तासत होते.

दगडांच्या डोंगरावर बसून दगड कोण चोरते? हा प्रश्न त्यांनी शहादेवाला मोठ्याने विचारला नाही. नुसते म्हणाले, "चल, ढीग बघू."

प्रत्येक बाईच्या खडीचा ढीग वेगळा, त्याच्यापुढे चुन्याने काढलेली खूण. बाया उठून बाजूला उभ्या राहिल्या. त्यांच्यातली एकही दरोगासाहेबांच्या नजरेला नजर देत नव्हती. शहादेव फावड्याने ढीग उलटायचा, सुंदरराव वाकून बघायचे. दुसऱ्या ढिगात काजळी धरलेल्या कपच्या निघाल्या. चूल सापडली. ती बाई रडायला लागली, तिला ते काही बोलले नाहीत. पाचव्यात तंबूचा एक दगड मिळाला, त्यावर त्यांच्याच कनातीचा निळा रंग लागलेला होता.

गाडीच्या जागेपासून दोन हातांवरच्या ढिगात वरवर काही नव्हते. काळी खडी, अंगठ्याएवढी, एकसारखी. शहादेवाने बुडाशी फावडे घातले. तिथली खडी वेगळी होती. इतकी बारीक की सडकेच्या कामाची नाहीच. कोणीतरी एकच दगड घाव घालून घालून, माप सोडून, पार चुरा होईस्तोवर फोडला होता.

सुंदररावांनी त्यातली एक कपची उचलून धोतराला पुसली. तिच्या सपाट बाजूवर शेंदूर होता, थरावर थर बसलेला.

"हा ढीग कुणाचा?"

शहादेव फावड्यावर रेलून राहिला.  शेवटी मागून केसरबाई बोलली.

"छबीचा हाय. लेकराच्या आयचा."

५

उन्हे कलली तरी सुंदरराव त्या ढिगापाशीच बसून होते.

आईने आपल्या लेकराच्या डोक्याशी उभ्या असलेल्या गाडीचा दगड काढला, असे कसे होईल? वैर नाही, वेड नाही. मग त्यांना तो वीतभर आठवला. दगड चाकाला टेकलेला नव्हताच. भुग्यात अर्धा रुतून, शेंदूर खाली करून, नुसता पडल्यासारखा पडला होता. त्या दिवशी सगळ्या बाया पडलेले दगड वेचत होत्या. छबुबाई गाडीच्या सगळ्यांत जवळ बसलेली, तिच्या हाताशी हाच आला.

आणि त्या दिवशीच का वेचत होत्या? महिनाभर काम चालले होते, तेव्हा चुलीला कोणी हात लावला नव्हता.

उत्तर त्यांना ठाऊक होते. तरी माणूस आपल्याविरुद्धचा पुरावा सहजी मान्य करत नाही. त्यांनी शहादेवाला जुनी पेटी आणायला सांगितली आणि छबुबाईची सगळी खडी तीत भरवली. बारीक चुरा बाजूला ठेवूनही पेटी काठोकाठ भरली, वर ओंजळभर उरली. तीच खडी नव्या पेटीत घातली. चार बोटे कमी पडली.

पेटी वाढली होती. बायांना गाडीतून मिळणारे दगडांचे वाटे होते तेवढेच होते. पट्टी लावून चार बोटे शोधणाऱ्या हुशार माणसाला एवढा साधा विचार सुचला नव्हता. त्यांची कानशिले तापली. लहानपणी चोरी पकडली गेली तेव्हा असेच व्हायचे. फरक एवढाच की इथे पकडणारे आणि पकडले गेलेले दोन्ही तेच होते. कुंपणानेच शेत खाल्ले होते, आणि वर कुंपणालाच चौकशीला नेमले होते.

"साहेब," शहादेव हळूच म्हणाला, "बंकटवरच लिवा. चूक तर त्यानं कबूलच केलीया. आयचं नाव कसं लिवनार? पोर जायबंदी, नवरा मागल्या साथीत गेलेला. ती जीव द्यायची."

बोलणे दयेचे होते आणि सोयीचेही. सुंदररावांना ते इतके सोयीचे वाटले की त्यांना स्वतःची किळस आली. कपची ओढ्यात फेकली की झाले असते. गाडीवानाची हयगय, शिक्का, संपले. त्यांनी खरोखरच हात उचललाही होता, हे शहादेवाने पाहिले आणि नजर वळवली. मग दरोगासाहेबांनी तो हात खाली घेतला.

सकाळी अमीन आले तेव्हा जमलेल्या बायांच्या समोर, उभ्यानेच, सुंदररावांनी सगळे सांगितले. पेटी, वाटे, वेचलेले दगड. अमीन घोड्यावरून उतरले नव्हते, ते उतरले.

"दरोगासाब, दगड उचलणाऱ्या बाईचं नाव?"

"साठ जणी वेचत होत्या. एकीच्या हाताला तो लागला."

"नाव लिहावं लागेल."

"लिहिलंय." सुंदररावांनी कागद पुढे केला. नावाच्या जागी त्यांनी स्वतःचे नाव लिहिले होते.

अमिनांनी ते दोनदा वाचले. "हा कागद वर गेला की परत येत नसतो. नोकरी जाईल."

"जाईल."

बंकटला सोडले. त्याच सकाळी सुताराला बसवून नव्या पेटीचा काठ चार बोटे कापून टाकला. प्रत्येक गाडीचा दगड दोरीने तिच्या साट्याला, म्हणजे चौकटीला, बांधला, एक नाही, दोन्ही चाकांचे दोन. दोरी ताणून दगड चाकाला भिडल्याशिवाय बैल सोडायचे नाहीत असे ठरले. लेकरे दरोग्याच्या तंबूत गेली आणि केसरबाईच्या हाताखाली पाण्याला आणखी एक बाई आली, म्हणजे म्हातारीने लेकरांपासून उठायला नको. या सगळ्याला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. तेवढा अर्धा दिवस गेल्या महिन्यात कोणाला सापडला नव्हता.

६

त्याच दुपारी बिडाच्या दवाखान्याच्या पायरीवरच सुंदररावांना डॉक्टर भेटले.

"बरे झाले आलात. तुमच्या कामावरची ती बाई पोरीला उचलून न्यायला निघालीय. कपिलधारला नेऊन देवाच्या धारेखाली धरते म्हणते. मी पाय बांधलाय. जागचा हलला नाही तर राहील, लंगडा राहील पण राहील. हलवला तर पाय सडेल आणि मग पोरही हाती लागायची नाही. माझे ती ऐकत नाही."

खाटेशेजारी छबुबाई गाठोडे बांधत होती. बायना डोळे मिटून पडली होती. सुंदररावांना वाटेभर एकच भीती वाटत होती, की हिला सगळे कळलेले असणार आणि हिच्या तोंडाकडे आपल्याला बघवणार नाही. पण बाईच्या तोंडावर त्यांना वाटले होते ते नव्हते. दुसरेच काही होते.

"नको नेऊस," ते म्हणाले.

"न्यावंच लागंल, साहेब. मी देव फोडलाय."

तिने गाठ मारता मारता सांगितले, जणू ही गोष्ट सगळ्या जगाला ठाऊकच होती.

"माप भरंना. बाजूला येक दगूड दिसला. घेतला, घाव घातला, दुभंगला, आन् खालून शेंदूर निघाला. माझं तर पाणीच झालं. कुणी बघंल म्हणून त्याचा पार भुगा केला, ढिगाच्या बुडाला घातला. आन् घातला तवर गाडी गेली. देवानं येवढाबी येळ लावला न्हाई. आता त्याच्या पाया पडल्याबिगर माझं लेकरू वाचायचं न्हाई."

 तिचे नाव कागदावर येऊ दिले नाही याचे सुंदररावांना येताना जरा समाधान वाटत होते. ते समाधान आता कुठल्या कुठे गेले. तिला देवाच्या भरवशावर सोडली तर ती लेकरू उचलून नेणार. खरे सांगावे तर आपल्याच हातोड्याने काय झाले ते ती जन्मभर बघत राहणार. कागदावर लपवले ते आता तोंडाने, तिलाच सांगायचे होते.

"बाई, तो देव नव्हता."

ती थांबली.

"बंकटच्या गाडीचा दगड होता. चाकामागचा. दसऱ्याला तो त्याला शेंदूर लावतो."

तिला कळायला थोडा वेळ लागला. गाठोड्यावरचे तिचे हात आधी थांबले, मग सैल पडले. तिने लेकराच्या बांधलेल्या पायाकडे पाहिले, मग आपल्या तळहातांकडे. हातोड्याच्या घट्ट्यांनी ते कातड्यासारखे झाले होते.

"म्हंजी मीच."

"नाही. तुझी खडी मी काल जुन्या पेटीत भरून पाहिली. भरून ओंजळभर उरली. पेटी मी मोठी केली आणि वाटे तसेच ठेवले, म्हणून तुला दगड वेचावा लागला. लेकरे गाडीखाली निजतात हे मी रोज तंबूतून बघत होतो. मला ते दिसत होते आणि मी काही केले नाही." ते भराभर बोलत होते, थांबले तर पुन्हा बोलवणार नाही असे त्यांना वाटत होते. "दगड चुकून तुझ्या हाताला लागला. एवढेच तुझे."

छबुबाईने मान वर केली. त्यांना वाटले, ही शिव्या देईल, आणि त्यांना त्या हव्या होत्या. पण तिने फक्त विचारले, "मंग देवानं न्हाई केलं?"

"नाही."

"मंग कुणी केलं?"

"मी केले."

तिने मान हलवली. क्षमा केल्याची नव्हे, ऐकल्याची. गाठोडे खाटेखाली सरकवले आणि पदराने बायनाच्या कपाळावरचा घाम पुसला. सुंदररावांनी सुटकेचा श्वास घेतला आणि तो घेतल्याचीही त्यांना लाज वाटली.

"हिला तुमीच सांगा," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "सकाळधरनं इचारती, आय, माझा पाय कावून मोडला. माझ्याच्यानं सांगवत न्हाई. आता तर मुळीच न्हाई."

सुंदररावांनी पागोटे काढून बाजूला ठेवले आणि खाटेजवळ जमिनीवर बसले. बायनाने डोळे उघडले. दरोगासाहेबाला तिने नेहमी लांबून, तंबूच्या दारात पाहिलेले होते. एवढ्या जवळ तो कधी आला नव्हता. तिने आईचा पदर मुठीत धरला आणि त्यांनी तोंड उघडायच्या आधीच घाईने बोलायला लागली.

"मी परत न्हाई निजनार गाडीखाली," ती म्हणाली. "आयला कामावरनं काढू नका, साहेब."

सुंदररावांना जे सांगायचे होते ते सांगायला त्यानंतर बराच वेळ लागला.